गल्लीतल्या लोकांना एकत्र कसं आणायचं? सभा म्हटली की पक्ष निघतो (मदत हवी आहे)

वैतागलेला_सेक्रेटरी: तिसऱ्यांदा सभा बोलावली, आले सात जण. नगरसेवक येणार म्हटलं की अर्धे म्हणतात "त्यांच्या पक्षाचा कार्यक्रम", येणार नाहीत म्हटलं की उरलेले म्हणतात "मग उपयोग काय?" व्हॉट्सॅप ग्रुपवर जानेवारीतली पालिका निवडणूक अजून चालूच आहे. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. पावसाआधी व्हायला हवं, लवकर सांगा.

कटिंग_चहा: काय व्हायला हवं? अर्ज कशाचा?

भांडुपकर: पालिकेच्या १९१६ नंबरला फोन लावा, तक्रार क्रमांक घ्या. सह्या कशाला?

सरळरेषा: क्रमांकाने गल्लीत एकी होते का? आणि लोकांना दोष देऊ नका. मुंबई पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, तिथून जवळजवळ चार वर्षं प्रशासक, नगरसेवकच नाहीत. माझ्या पुतणीने यंदा पहिल्यांदा मत दिलं आणि मग विचारलं, नगरसेवक नेमकं करतो काय?

खडूस_काका: त्याआधी होते तेव्हा काय दिवे लावले?

सरळरेषा: कोणत्या पक्षाचे म्हणताय?

खडूस_काका: झालं!! आला पक्ष.

जुना_घाटकोपरकर: एएलएम काढा, म्हणजे पालिकेच्या साथीने चालणारा रहिवाशांचा गट (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट). आमच्याकडे नव्वदच्या दशकात कचऱ्यापासून सुरुवात झाली. बॅनर नाही, हार नाही, पुढाऱ्यासाठी वेगळी खुर्ची नाही. ज्याच्या दारात वास येतो तो न बोलावता येतो.

मुलुंडची_माई: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे हं.

वैतागलेला_सेक्रेटरी: माई, कर नाही, गटार! सोसायटी आणि चाळीच्या मधलं. गेल्या पावसात पाणी चाळीत शिरलं. चाळवाले म्हणतात तुमच्या भिंतीमुळे, म्हणून सही देत नाहीत.

कटिंग_चहा: कसली भिंत?

वैतागलेला_सेक्रेटरी: आमची कंपाउंड वॉल. २०१९ ला उंच केली. तिचा इथे काय संबंध?

कटिंग_चहा: अहो, मग पक्षाचं निमित्त आहे फक्त! त्यांना सभेला बोलावू नका, तुम्हीच चाळीत जा. आधी भिंतीचं बोला, सह्यांचं नंतर. पाणी कुठून शिरलं ते त्यांच्याकडूनच बघून घ्या.

भांडुपकर: गटार पालिकेचं की म्हाडाच्या ले-आउटमधलं?

वैतागलेला_सेक्रेटरी: म्हाडाची जुनी वसाहत आहे. फरक पडतो?

भांडुपकर: पडतो म्हणजे काय! रस्ता-गटार पालिकेकडे हस्तांतरित झालंय का ते आधी विचारा, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहील.

वैतागलेला_सेक्रेटरी: बरं. रविवारी चाळीत जातो. अर्जात भिंतीचा उल्लेख करू का?

कटिंग_चहा: करा.

खडूस_काका: अजिबात नको, उद्या तुमच्यावरच नोटीस येईल.