'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची प्रेमकथेच्या अंगाने केलेली पुनर्कथने: वाचावीत का, आणि निवडावीत कशी?

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. जेन ऑस्टिनची ही कादंबरी महाविद्यालयात अभ्यासाला होती आणि परीक्षा संपल्यावरही ती आवडत राहिली. माझी भाची सध्या तिचीच पुनर्कथने ई-बुक रीडरवर एकामागून एक वाचते आणि मलाही वाचायचा आग्रह करते. तिने दिलेली काही मी वाचली. भाषा सराईत आहे, नायक डार्सी मूळच्यापेक्षा पुष्कळ बोलका आहे. तरीही पुस्तक मध्यावर येईतो माझे लक्ष उडते आणि त्याचे कारण नेमके सांगता येत नाही. या प्रकारातले चांगले कसे ओळखावे, हे जाणकारांनी सांगावे. भाचीने मूळ कादंबरी अद्याप वाचलेली नाही. आधी ती वाचायला लावावी का?

प्रतिसाद १ (कोथरूड)

ताई, आपले लक्ष जिथे उडते तिथेच बहुधा उत्तर आहे. मूळ कादंबरी 1813 साली प्रसिद्ध झाली आणि ऑस्टिन 1817 मध्ये वारल्या. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे ही पात्रे घेऊन कोणीही काहीही लिहू शकतो, आणि लिहिणाऱ्यांची वानवा नाही. नेहमीची रीत अशी, की मूळ कथानकातली एखादीच घटना बदलायची आणि पुढे काय होते ते पाहायचे: नायिका एलिझाबेथचे वडील बेनेट अकाली वारले, ती आणि डार्सी पावसात कुठेतरी अडकल्यामुळे लोकापवादाच्या भीतीने लग्न करणे भाग पडले, किंवा डार्सीविषयी खोटेनाटे सांगणाऱ्या विकहॅमचे बिंग आधीच फुटले. यात वावगे काही नाही. अडचण अशी, की लिहिणाऱ्यांना नायक-नायिका सतत समोरासमोर हवी असतात, आणि मूळ कादंबरीतला सर्वांत मोठा बदल नायक जवळ नसताना घडतो.

हन्सफर्डचा भाग, म्हणजे डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तो, पुन्हा काढून पाहा. नकार मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डार्सी एलिझाबेथच्या हाती पत्र देतो आणि निघून जातो. त्याचे काही खरे मानायचे नाही, या तयारीनेच ती वाचू लागते. कसेबसे संपवून ती ते घाईने बाजूला ठेवते, पुन्हा त्याकडे पाहायचेही नाही असे स्वतःला बजावते, आणि अर्ध्या मिनिटात ते पुन्हा उघडलेले असते. मग एकेक वाक्य तपासताना तिच्या ध्यानात येते, की नुकत्याच ओळख झालेल्या मुलीपाशी विकहॅमने घरातली इतकी गाऱ्हाणी सांगणे हेच अनुचित होते, आणि तेव्हा ते आपल्याला खटकलेही नव्हते. दोन तास ती त्या वाटेवर फिरत राहते. या दोन तासांत डार्सी कुठेही नाही. जे काही होते ते तिच्या स्वतःच्या विचाराने होते. मी वाचलेल्या बऱ्याच पुनर्कथनांत हा खुलासा डार्सी बागेत उभा राहून तोंडीच करतो, तिच्या डोळ्यांत पाणी येते, तो रुमाल पुढे करतो, आणि तीनशे पानांची गोष्ट शंभराव्या पानावर आटोपते. उरलेली पाने नृत्यसमारंभ आणि नव्या पोशाखांवर काढलेली असतात, आणि लक्ष उडते ते इथेच.

प्रतिसाद २ (डेक्कन)

भाचीला काहीही वाचायला लावू नये. मोठ्यांनी 'आधी मूळ वाच' म्हटले की मूळ पुस्तक कपाटातच राहते, हा पुण्यातल्या घराघरांतला अनुभव आहे.

प्रतिसाद ३ (औंध)

पत्राविषयीचा मुद्दा मान्य आहे, पण माझ्या मते पुनर्कथने त्याआधीच, पैशांच्या प्रश्नावर, ढासळतात. लाँगबोर्न या बेनेट कुटुंबाच्या मिळकतीचे उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड असले, तरी मुलगा नसल्यामुळे बेनेट यांच्यामागे ती कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार आहे. एलिझाबेथच्या वाट्याला येणार ते आईच्या पश्चात 1,000 पौंड, आणि तेही चार टक्क्यांच्या रोख्यांत. म्हणजे वर्षाला अवघे 40 पौंड. हे कॉलिन्स तिला मागणी घालतानाच ऐकवतो, असला हा गृहस्थ! तरीही ती त्याला नकार देते, आणि तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्यालाच होकार देते. हा हिशेब काढून टाकला, की एलिझाबेथचे दोन्ही नकार लाडावलेल्या मुलीचा हट्ट वाटू लागतात.

ही गोष्ट आजच्या पुण्यात आणणाऱ्यांपुढे तर पेच मोठा आहे. महाराष्ट्रात 1994 च्या कायदादुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. मग कॉलिन्स कुठून आणायचा? वाड्याचा पुनर्विकास आणि पागडीचे भाडेकरू यांतून एखाद्या लेखिकेला तसा धोका उभा करता येईल. परंतु बहुतेक जण फक्त श्रीमंत मुलगा आणि तोंडाळ आई एवढेच उचलतात. निवडायचेच असेल तर जो बेकर यांची 2013 ची 'लाँगबोर्न' घ्यावी. तीत प्रेमकथा आहे, पण ती मोलकरणीची, आणि एलिझाबेथचे चिखलाने माखलेले परकर कोणाला तरी धुवावे लागतात, हे तिथे दिसते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. भाचीला संपूर्ण कादंबरीचा आग्रह न करता मागणीपासून पत्राच्या फेरवाचनापर्यंतची, म्हणजे 34 ते 36 ही तीनच प्रकरणे देऊन पाहते. 'लाँगबोर्न' मात्र आधी मी वाचेन.

प्रतिसाद १ (कोथरूड)

अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत घेणार असाल, तर एवढे पाहून घ्या, की मूळ तीन खंडांची विभागणी जपणाऱ्या आवृत्त्यांत प्रत्येक खंडात प्रकरणांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. अशा प्रतीत ही प्रकरणे दुसऱ्या खंडात 11 ते 13 या क्रमांकांवर सापडतील.