जॅक बॅरीला परत माईक द्यायला नको होता

पार्कचौककर
‘ट्वेंटी-वन’ची भानगड परवा परत वाचली आणि परत डोकं फिरलं. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला. काचेच्या दोन खोक्यांत दोन स्पर्धक, एकमेकांचं ऐकू येत नाही, २१ गुण गाठायचे. पहिला भाग प्रामाणिक होता आणि सपशेल आपटला, कारण स्पर्धकांना उत्तरंच येईनात. जाहिरातदार भडकला. मग निर्माता डॅन एनराइट उत्तरं आधीच पुरवू लागला. हर्बर्ट स्टेंपेल नावाच्या गड्याला आठवडेच्या आठवडे जिंकवलं, घाम कसा टिपायचा तेसुद्धा शिकवलं. नंतर चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा प्राध्यापक सापडला, तेव्हा स्टेंपेलला हरायला सांगितलं. ‘मार्टी’ हे सिनेमाचं नाव त्याला पक्कं येत होतं, तरी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हणायला लावलं.

आणि मधे उभा राहून गंभीर चेहऱ्यानं प्रश्न विचारणारा कोण? जॅक बॅरी. त्याआधी हा मुलांचा लाडका. ‘विंकी डिंक’मध्ये पोरं टीव्हीच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवून खडूनं चित्रं काढायची. अशा माणसावर घरोघरी विश्वास होता. १९५८ मध्ये बिंग फुटलं, कार्यक्रम बंद पडला, बॅरी राष्ट्रीय पडद्यावरून दहा-एक वर्षं गायब. १९७२ मध्ये तर सीबीएसवर ‘द जोकर्स वाइल्ड’ घेऊन साहेब पुन्हा जोरात! माझं मत: नको होता द्यायला माईक.

जेकार्डवाला
काय बे, सगळं सूत्रसंचालकावरच? मागावर नक्षी पाडणाऱ्या जेकार्डचं कार्ड चुकीचं टोचलं तर चादरीत फूल वाकडंच येणार, विणकराला का झोडपता? उत्तरं एनराइटनं दिली, पैसे व्हॅन डोरेननं घेतले, १ लाख २९ हजार डॉलर. बॅरीनं हातातलं कार्ड वाचलं. दहा वर्षं घरी बसला, पुरे की.

पार्कचौककर
विणकर म्हणता, पण माग निम्मा त्याचाच होता. बॅरी आणि एनराइट भागीदार होते, कंपनीवर दोघांचं नाव. भागीदाराला दुकानात काय चाललंय ते कळत नाही?

गड्ड्याची_राणी
मला सगळ्यांचाच राग अती वाटतो. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत रिंग फेकायचा स्टॉल असतोच. साबणावर रिंग बसत नाही हे सगळ्या सोलापूरला माहीत, तरी दरवर्षी रांग. लोकांना खेळ बघायचा असतो. शिवाय तेव्हा असल्या फसवणुकीविरुद्ध कायदाही नव्हता, तो १९६० मध्ये आला. खटले भरले ते शपथेवर खोटं बोलल्याबद्दल.

निवृत्त_मास्तर
अक्का, रिंगवाला आपल्याला ज्ञानी म्हणून मिरवत नाही. इथं पोरांना सांगितलं गेलं की हा प्राध्यापक बघा, असं शिका. मी बत्तीस वर्षं परीक्षेत पहारा दिलाय. कॉपी करणाऱ्या पोराचा राग येतो, पण उत्तरं पुरवणाऱ्या मास्तराला मी परत वर्गात उभा करणार नाही. व्हॅन डोरेननं निदान नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदेच्या समितीपुढं कबुली दिली आणि त्याची कोलंबियातली नोकरी गेली.

जेकार्डवाला
मास्तर, मग माणसानं जन्मभर खायचं काय? बॅरी परत आला तो लोकांनी बघितला म्हणूनच. १९८४ मध्ये मरेपर्यंत ‘जोकर्स वाइल्ड’ तोच चालवत होता. प्रेक्षकांनी माफ केलं, तुम्ही नवी पेठेत बसून कशाला हिशेब मागता?

पार्कचौककर
कारण मी तिथं उभा राहिलोय, म्हणून. आमच्या मंडळाची गणपतीतली प्रश्नमंजुषा, सूत्रसंचालक मी. आरतीआधी एका पदाधिकाऱ्यानं बाजूला घेतलं, ‘कुकर अमक्याच्या पोरीला जायला पाहिजे, वर्गणी मोठी आहे.’ प्रश्नांची पाकिटं तिच्या घरी आधीच गेली होती. मी वाचलं, ‘बरोब्बर उत्तर!’ म्हणून ओरडलो, टाळ्या वाजवा म्हटलं. पाकीट देणारा मांडवामागं होता. लोकांच्या तोंडावर खोटं बोलणारा मी होतो.

गड्ड्याची_राणी
अय्यो! आणि दुसरी आलेली?

पार्कचौककर
तिला स्टीलचा डबा. शेवटचा प्रश्न तिच्याकडं आलाच नाही, पण उत्तर येत होतं. माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, ओठ हलताना दिसत होते.

निवृत्त_मास्तर
मग पुढच्या वर्षी कुणी केलं सूत्रसंचालन?

पार्कचौककर
मीच.