‘कापसावानी’ आणि ‘कापसासारखे’: श्रौती उपमा कोणती, आर्थी कोणती?

प्रश्न (दर्यापूर तालुका): नमस्कार सर. बी.ए.ला संस्कृत घेतलं आहे. मम्मटाच्या काव्यप्रकाश या अलंकारशास्त्राच्या ग्रंथात पूर्णोपमेचे श्रौती आणि आर्थी असे दोन भेद दिलेत. ‘इव’, ‘यथा’ आले की श्रौती, ‘तुल्य’, ‘सदृश’ आले की आर्थी, एवढं पाठ आहे. पण अर्थ तर दोन्हीकडं एकच होते, मग भेद कायचा? आमच्या आजीचं ‘कापसावानी पांढरे दात’ यात कुठं बसन?

उत्तर: आजीचंच वाक्य घेऊ. दात हे उपमेय, कापूस उपमान, पांढरेपणा साधारण धर्म आणि ‘वानी’ हा वाचक शब्द. चारही अंगं हजर आहेत, म्हणजे पूर्णोपमा झाली.

आता खरा प्रश्न. 11व्या शतकातल्या मम्मटाचं म्हणणं असं की ‘इव’ ज्या शब्दाला लागतो तो उपमान, हे ऐकताक्षणीच कळतं, म्हणून ती श्रौती. ‘तुल्य’चं तसं नाही. ‘मुख कमळाशी तुल्य’ म्हटलं तर तुल्यता मुखाकडे जाते, ‘कमळ मुखाशी तुल्य’ म्हटलं तर कमळाकडे, आणि ‘हे आणि ते तुल्य’ म्हटलं की दोघांवर बसते. उपमान कोणतं, हे अर्थाचा विचार करून ठरवावं लागतं, म्हणून ती आर्थी.

हीच कसोटी वऱ्हाडीला लावा. ‘दोघं भाऊ सारकेच’ हे बरोबर, पण ‘दोघं भाऊ वानी’ कोणी म्हणणार नाही. ‘वानी’ला उपमान मागे लागतंच, त्याशिवाय तो उभा राहत नाही. शिवाय ‘सारखा, सारखी, सारखे’ असं लिंगवचन बदलतं, कारण ते विशेषण आहे. ‘वानी’ सगळीकडे तसाच राहतो. म्हणून माझ्या मते ‘कापसावानी’ श्रौती आणि ‘कापसासारखे’ आर्थी. मम्मटाने हे मराठीसाठी लिहिलेलं नाही, त्यामुळे हा पडताळा माझा समजा. पण ‘सारखा’ मुळात ‘सदृक्ष’वरून, प्राकृतातल्या ‘सरिक्ख’मार्गे आलेला आहे, म्हणजे घराणंही ‘सदृश’चंच निघालं.

नुसती शब्दांची यादी पाठ करून का भागत नाही, ते ‘वत्’ या प्रत्ययावरून दिसतं. पाणिनीच्या ‘तेन तुल्यं क्रिया चेद्वतिः’ या सूत्राने आलेला ‘वत्’ आर्थी, आणि लगेच पुढच्या ‘तत्र तस्येव’ने आलेला ‘वत्’ श्रौती. रूप तेच असूनही भेद पडतो. या दोन्ही भेदांचे वाक्य, समास आणि तद्धित (नामाला लागणारा ‘वत्’सारखा प्रत्यय) असे तीन-तीन पोटभेद, म्हणून पूर्णा 6. एखादं तरी अंग गाळलेली ती लुप्ता, तिचे 19. मिळून 25.

प्रश्न (मूर्तिजापूरकडून): भाऊ, ‘पांढरे’ गाळलं आणि नुसतं ‘दात कापसावानी’ म्हटलं तर? आणि ‘दात म्हणजे निरा कापूस’ म्हटलं तर?

उत्तर: पहिली धर्मलुप्ता. दुसरी उपमाच नाही, ते रूपक. तिथं दात आणि कापूस एकच मानले. भेद कायम ठेवून साम्य सांगायचं, ही उपमेची अटच आहे: ‘साधर्म्यमुपमा भेदे’. वाचक नसला की रूपक, असं मात्र धरू नका. ‘घनश्याम’मध्ये ‘इव’ समासात लुप्त आहे, तरी ती वाचकलुप्ता उपमाच.

प्रश्न (दर्यापूर तालुका): सर, मग ‘मृगनयना’त तर उपमान दिसते. फक्त धर्म आणि वाचक गेले ना?

उत्तर: इथं सगळेच अडतात. डोळ्यांची तुलना हरणाशी नाही, हरणाच्या डोळ्यांशी आहे. विग्रह करा: मृगाच्या नयनांसारखे नयन जिचे, ती. ‘मृग’ हा शब्द उरला, पण उपमान असलेले त्याचे डोळे समासात गेले. चंचलपणा हा धर्म गेला, वाचकही गेला. तीन अंगं लुप्त आणि उपमेय तेवढं उरलं, म्हणून मम्मट हिला त्रिलोपात घालतो. ‘चंद्रमुखी’त मात्र चंद्र स्वतःच उपमान आहे, तिथं दोनच लोप.

काव्यादर्श लिहिणाऱ्या दंडीचे उपमाभेद याच्याशी मिसळू नका. त्याच्या संशयोपमा, निर्णयोपमा, मोहोपमा या बोलण्याच्या ढंगावरून पडलेल्या आहेत, व्याकरणावरून नाही. वैदर्भ मार्गाचे, म्हणजे विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यशैलीचे, दहा गुण त्यानेच सांगितले, तेव्हा आपल्या भागातल्या माणसाने काव्यादर्शही उघडावा. पण परीक्षेपुरतं आधी मम्मटाचे पंचवीस पक्के करा, आणि प्रत्येकाला आजीच्या बोलण्यातलं एक वाक्य शोधा. जी सापडणार नाहीत ती इथं टाका, मिळून पाहू.