भूपट्ट, भूखंड आणि भूकवच : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत भूगोल शिकवते. पाठ्यपुस्तकात ‘भूपट्ट’ हा शब्द आहे, भूकंपाच्या बातम्यांत ‘भूखंड सरकले’ असे वाचायला मिळते, आणि ‘भूखंड’ म्हटले की मुलांना तालुक्याच्या ले-आउटमधला प्लॉटच आठवतो. शिवाय ‘भूकवच सरकते’ आणि ‘भूपट्ट सरकतो’ ही वाक्ये एकाच अर्थाची मानावीत का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

मॅडम, मुलांचे काही चुकत नाही. ‘भूखंड’ या शब्दाला आधीच दोन अर्थ आहेत : महसुली कागदांत जमिनीचा तुकडा आणि भूगोलात आशिया-आफ्रिकेसारखा विस्तीर्ण भूप्रदेश. त्यावर तिसरा अर्थ लादला की समजच बिघडते, कारण भूपट्ट (इंग्रजीत ‘प्लेट’, पृथ्वीच्या वरच्या ताठ थराचा सरकणारा तुकडा) म्हणजे खंड नव्हे. भारतीय भूपट्टावर आपली जमीन आहे तसा हिंदी महासागराच्या तळाचाही मोठा भाग आहे, आणि पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ पूर्णपणे समुद्राखालीच आहे. ‘पट्ट’ म्हणजे सपाट, कठीण फळी किंवा पत्रा. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या रिद्धपूर ताम्रपटातला ‘पट’ या ‘पट्ट’पासूनच आलेला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘पट्टा’ म्हणजे वनहक्काचा पट्टा हे खरे, तरी ‘भूपट्ट’ या जोडशब्दात तसा घोटाळा होत नाही. म्हणून वर्गात आणि बातमीतही ‘भूपट्ट’च वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले ‘प्लेट’ म्हणत असतील तर त्यांना अडवू नये.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पृथ्वीच्या अंतरंगाचे थर दोन वेगवेगळ्या कसोट्यांवर पाडले जातात, आणि दोन्हींची नावे एकत्र मिसळल्यामुळे बराचसा गोंधळ होतो. थर कशाचा बनला आहे हे पाहिले, तर भूकवच, प्रावरण आणि गाभा असे तीन भाग मिळतात. भूकवच खंडांखाली साधारण ३० ते ७० किलोमीटर आणि महासागरांखाली जेमतेम ५ ते १० किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे (‘वस्त्रप्रावरणे’ या रोजच्या शब्दातले ‘प्रावरण’, म्हणजे वरून पांघरलेले आच्छादन, ते हेच), आणि तेथून सुमारे ६,३७१ किलोमीटरवरील केंद्रापर्यंत गाभा. परंतु थर किती ताठ आहे ही कसोटी लावली, तर नावे बदलतात : वरचे ताठ ते शिलावरण, त्याखालचे मऊसर ते दुर्बलावरण. शिलावरणात संपूर्ण भूकवच येतेच, शिवाय त्याला चिकटून असलेला प्रावरणाचा सर्वांत वरचा ताठ भागही येतो. या शिलावरणाचे जे तुकडे झालेले आहेत, ते भूपट्ट. त्यांची जाडी सरासरी १०० किलोमीटरच्या घरात असते. म्हणून ‘भूकवच सरकते’ हे वाक्य अपुरे आहे : भूकवच एकटे सरकत नाही, खालच्या प्रावरणाचा काही भाग घेऊन सरकते.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात’ हे वाक्य मी अनेक मार्गदर्शकांत वाचले आहे आणि त्यात दोन चुका आहेत. लाव्हा म्हणतात ते पृष्ठभागावर बाहेर पडलेल्या रसाला, आत असतो तो शिलारस. त्याहून मोठी चूक ही की प्रावरण द्रव नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून जातात. बाह्य गाभ्यापाशी मात्र त्या अडतात, आणि बाह्य गाभा द्रव असल्याचा निष्कर्ष त्यावरूनच निघाला. त्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे, हे डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये लहरींच्या नोंदींवरून दाखवले, आणि तो आतला गाभा घन असल्याचे पुढे इतरांनी मांडले. लोहाराच्या भट्टीतले लालबुंद लोखंड घनच असते, तरी घणाखाली आकार बदलते. प्रावरणाचा खडकही तसाच, अतिशय सावकाश वाहतो. तेव्हा ‘तरंगणे’ सोडून ‘सरकणे’ म्हणावे. भारतीय भूपट्ट आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे.

पुरवणी

सरांच्या उत्तराला थोडी जोड देतो. आमच्याकडे, वणीच्या बाजूला, जुन्या भूमिगत कोळसा खाणीवरची जमीन बसली की लोक ‘भूकंप झाला’ म्हणतात. तिथे ‘खचणे’ हाच शब्द योग्य आहे, कारण खाली पोकळी असते म्हणून वरची जमीन बसते. भूपट्टाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल ‘दोन प्लेटा आपटल्या’ असे अजूनही बोलले जाते, तेही बरोबर नाही. किल्लारी भूपट्टाच्या कडेवर नाही, भारतीय भूपट्टाच्या आत आहे. कडेवरच्या हिमालयाकडील रेट्याचा ताण आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवर साचत राहतो आणि तेथील खडक अचानक सरकतो, हे त्याचे साधारण मान्य झालेले कारण आहे.

काही पुस्तकांत शिलावरणाला ‘मृदावरण’ म्हटलेले आढळते. तो शब्द टाळलेला बरा. विहीर खोदताना माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो आणि काळा पाषाण कुठून सुरू होतो, हे आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. मृदा म्हणजे त्यातला सर्वांत वरचा पातळ थर. शंभर किलोमीटरच्या खडकाला तिचे नाव देणे योग्य नाही. हा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा, आणि त्या काळी भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाजवळील तप्त स्थळावरून (प्रावरणातून उष्ण खडक वर येत राहतो अशा जागेवरून) सरकत होता.

उत्तर

भाऊ, ‘खचणे’चा मुद्दा नेमका मांडलात. ‘गोंडवन’ या शब्दाबद्दलही लिहितो, कारण वर्गात तो येणारच. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका जोडलेल्या प्राचीन महाखंडाला हे नाव ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये दिले. त्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते मध्य भारतातील खडकांच्या थरांसाठी वापरले होते, आणि त्याचे मूळ गोंडांच्या प्रदेशाच्या नावात आहे. वणी, चंद्रपूर, उमरेड येथील कोळसा याच गोंडवन थरांतला. त्यात ग्लोसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, आणि तसेच ठसे अंटार्क्टिकातही मिळाले आहेत. ‘गोंडवनलँड’मध्ये ‘लँड’ची गरज नाही, मराठीत ‘गोंडवन महाखंड’ असे लिहावे, आणि ‘महाखंड’ला ‘भूखंड’ हा पर्याय देऊ नये.