आपल्या माणसांनी शिकवलेलं: तुमचे अनुभव लिहा

सुविचार आपण रोजच वाचतो. इथे ते नकोत. जवळच्या माणसाबरोबर राहताना, त्याची काळजी घेताना, त्याच्याशी भांडताना तुम्हाला काय उमगलं आणि त्यामुळे रोजच्या वागण्यात नेमकं काय बदललं, एवढंच लिहा. छोटं असलं तरी चालेल. सुरुवात मी करते.

माझ्या वडिलांना आता कमी ऐकू येतं. चारचौघांत बसले की ते हळूहळू गप्प होत जातात. पाहुण्यांना वाटतं, स्वभाव तुटक झालाय. तसं मुळीच नाही. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आ, ओ हे स्वर बऱ्यापैकी पोचतात. स, श, फ, थ निसटतात. म्हणून बाबा म्हणतात, "आवाज येतो गं, शब्द लागत नाहीत." अशा वेळी ओरडून काही साधत नाही, उलट कोणीतरी आपल्यावर खेकसतंय असं त्यांना वाटतं. मी टीव्ही बंद करते, त्यांच्या समोर उजेडात बसते, "बाबा" अशी हाक मारते आणि त्यांनी वर पाहिलं की मगच बोलते. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगते. श्रवणयंत्रही घेतलं. सुरुवातीला पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, सगळंच त्यांच्या अंगावर यायचं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे यंत्र लावायचा वेळ रोज थोडा थोडा वाढवत नेला. परवा नात शेजारच्या खोलीत काहीतरी पुटपुटली आणि बाबा इथून म्हणाले, "ऐकलंय हं मी!" मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

*

माझा अनुभव छोटा आहे. बोलता बोलता भावाचे शब्द अडखळले आणि ओठाचा एक कोपरा खाली ओघळला. वहिनीने त्याला दोन्ही हात वर धरायला सांगितले. एक हात आपोआप खाली आला. तिने क्षणभरही वाट न पाहता रुग्णवाहिका बोलावली. रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही तपासणीत योग्य ठरलं तर. भाऊ आज चालतो, बोलतो. चेहरा, हात, बोलणं: हे तीन शब्द तुमच्या घरात लहान मुलांनासुद्धा पाठ करून ठेवा, ही कळकळीची विनंती. आणि लक्षणं दिसू लागल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.

*

माझ्या पत्नीला अल्झायमर आहे. या आजारात नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला लवकर इजा होते, म्हणून सकाळचं संध्याकाळी आठवत नाही आणि लहानपणचं मात्र बराच काळ टिकून राहतं. ती विचारते, "आई कुठंय माझी?" सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण ते सांगितलं तर हिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते आणि दर वेळी ती तितकीच रडते. मी म्हणतो, "आईची आठवण येतेय का? सांग ना, कशी होती?" मग ती सांगू लागते. आई वेणी घालताना केस किती ओढायची, परीक्षेच्या दिवशी दारापर्यंत कशी यायची. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात हे मी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी ती स्वतः बटणं लावते. वरचं बटण खालच्या काजात जातं, मग सगळी एकेक घर सरकतात. ती थांबते, बोटांनी चाचपते, पुन्हा सोडते. मी शेजारी बसून राहतो. मी लावली तर झटक्यात होईल, पण जे तिच्या हातांना अजून येतं ते तिच्याकडेच राहावं असं मला वाटतं. बाहेर जायची घाई असेल त्या दिवशी बिनबटणांचा कपडा काढून ठेवतो.

आणखी एक. मेहुणी आठवड्यातून एक दुपार येऊन बसते आणि मला घराबाहेर पाठवते. सेवा करणाऱ्यालाही सुट्टी लागते, आणि ती मागण्यात प्रेम कमी पडल्यासारखं काही नाही.

*

अमेरिकेत हार्वर्डचा एक अभ्यास 1938 साली सुरू झाला आणि तीच माणसं, पुढे त्यांची मुलं, असा तो अनेक दशकं चालू आहे. त्यात एक गोष्ट दिसली: पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीला जास्त निरोगी होते. पण मला भिडलं ते वेगळंच. म्हातारपणी कुरबुरी करणाऱ्या जोडप्यांचीही स्मरणशक्ती चांगली राहू शकते, अडचणीला जोडीदार धावून येईल याची खात्री असली म्हणजे झालं. माझे आईवडील दिवसभर खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून वाद घालतात. पण आईची रक्ततपासणी असली की बाबा आदल्या रात्रीच फाईल काढून दारापाशी ठेवतात. त्यांचा वाद मिटवायला मी आता मध्ये पडत नाही.

*

वरचं वाचलं, पटलं. तरीही सांगावंसं वाटतं की नातं जपायचं म्हणजे वाट्टेल ते सोसायचं असं नव्हे. एका जवळच्या नातेवाइकापासून मी विचारपूर्वक लांब झाले. त्यानंतर माझ्या मुलांशी मी न कावता बोलू लागले. ज्यांना आपण हवे आहोत, त्यांच्यासाठी अंगात बळ उरायला हवं.

*

धाकटा भाऊ गेला तेव्हा सगळे म्हणाले, "काही लागलं तर सांग." त्यांच्या मनात खरंच होतं. पण त्या दिवसांत काय लागेल हेच सुचत नसतं. एक मैत्रीण आली ती थेट कागदपत्रांची पिशवी घेऊन बसली. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेचे अर्ज, कुठे सही राहिली, सगळं तिने मार्गी लावलं. नंतर लोक माझ्यासमोर त्याचं नाव घ्यायचं टाळू लागले. ही मात्र सहज म्हणायची, "तो असता तर आता भांडला असता." मला तेच हवं होतं. आता कुणाकडे असा प्रसंग आला की मी एखादं ठरावीक काम मागून घेते, मुलांना शाळेतून आणायचं म्हणा, फोन घ्यायचे म्हणा. आणि गेलेल्या माणसाचं नाव घेते.

*

आजीला "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" म्हटलं की ती म्हणते, "त्यात काय सांगायचं!" म्हणून जुन्या फोटोंची पेटी काढली. एक फोटो हातात द्यायचा आणि विचारायचं, ही कोण, कुणी काढला, हसताय कशाला सगळ्या? मग तिची कळी खुलते. फोन शेजारी ठेवून मी ते रेकॉर्ड करते, अर्थात तिला विचारून. नावं फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, अजिबात न दाबता लिहावीत. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. रेकॉर्डिंगची एक प्रत फोनबाहेरही ठेवावी. अजून दोन पेट्या बाकी आहेत आणि त्यातले निम्मे चेहरे आजीखेरीज कुणालाच ओळखता येणार नाहीत, त्यामुळे पुढच्या सुट्टीत सगळ्या भावंडांना बोलावून घेतलंय.