'छोट्या रांगेत काम लावा': क्यूला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा
पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी छोटी मराठी पुस्तिका लिहितो आहे. आपल्या लॅपटॉपच्या टर्मिनलवरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) जायचं, तिथे जॉब म्हणजे गणिताची कामं लावायची आणि लॉगआउट करून आपल्या कामाला लागायचं, एवढाच विषय. मुलं इंग्रजी वाचतात, पण पहिल्यांदा शिकताना मराठीतून सांगितलेलं लवकर डोक्यात बसतं.

अडलंय ते असं. आमच्या क्लस्टरवर पीबीएस (कोणता जॉब कधी चालेल ते ठरवणारा प्रोग्रॅम) आहे आणि प्रशासकाने त्यात 'शॉर्ट' आणि 'लाँग' या नावाचे क्यू केले आहेत. शॉर्टमध्ये काही तासांत संपणारे जॉब, लाँगमध्ये काही दिवस चालणारे. मी लिहिलं, "काम लहान असेल तर ते छोट्या रांगेत लावा." मसुदा वाचून सहकारी बाई म्हणाल्या, "छोटी रांग म्हणजे जिथे कमी लोक उभे आहेत ती. मुलं मोठी कामंसुद्धा तिथेच लावतील." तसं झालं तर वेळमर्यादा ओलांडताच पीबीएस जॉब मारणार आणि मधले निकाल साठवायची सोय केलेली नसेल तर तेवढे तास फुकट जाणार.

म्हणजे क्यूचे इथे दोन अर्थ आहेत. क्यूस्टॅट ही कमांड दिली की थांबलेल्या जॉबची यादी दिसते, तो एक. शॉर्ट आणि लाँग हे कप्पे, तो दुसरा. मराठीत दोन शब्द करावेत का? कोणते?

टर्मिनलवाला
क्यू ठेवा. माझ्या ओळखीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत "जॉब क्यूत आहे" असंच म्हणतात. मुलांना उद्या प्रशासकाला मेल लिहायची आहे, त्यात 'रांग' लिहून चालणार नाही. दुसऱ्या अर्थाचं म्हणाल तर स्लर्म या पीबीएससारख्याच प्रोग्रॅमने तो वेगळा केलेलाच आहे. तिथे कप्प्याला पार्टिशन म्हणतात आणि एसक्यू (squeue) ही कमांड दिली की थांबलेल्या आणि चालू जॉबची यादी येते. परम या महासंगणकांच्या मालिकेतल्या नव्या यंत्रांवर स्लर्मच आहे, त्यामुळे मुलांना पुढे पार्टिशन हा शब्द भेटणारच.

शब्दवेध
रांग हा चांगला, सर्वांना कळणारा शब्द असताना क्यू का? रघुनाथपंत हणमंत्यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश केला तेव्हाही दरबारात फारसी शब्दच रुळलेले होते. सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले तेव्हाही 'हे कोण वापरणार' असंच विचारलं गेलं. आज महापौर म्हणताना कुणाला अडखळायला होतं? शब्द वापरल्याने रुळतो. माझी सूचना: यादीला 'प्रतीक्षापंक्ती', कप्प्याला 'श्रेणी'. अल्पश्रेणी, दीर्घश्रेणी.

टर्मिनलवाला
महापौर रुळला, मान्य. पण वकील, अर्ज, हुकूम हे अरबी-फारसीतून आलेले शब्दही तिथेच आहेत आणि दिनांकाच्या शेजारी तारीख सुखाने नांदते आहे. कोणता शब्द टिकणार हे कोशकार ठरवत नाही. आणि 'प्रतीक्षापंक्ती' टर्मिनलसमोर बसून एकदा मोठ्याने म्हणून बघा.

शेवंती
मी पंढरपूरची. आमच्याकडे दर्शनासाठी रांग नसते, बारी असते. दर्शनबारी. "बारी कुठपर्यंत गेली?" असं विचारतात. आणि बारी म्हणजे पाळीसुद्धा. संगीत बारीत पार्ट्या एकामागून एक आपापली बारी करतात. खेड-जुन्नरकडे बैलगाड्यांच्या घाटात प्रत्येक गाड्याची बारी असते. म्हणजे उभं राहण्याची जागा आणि आपली वेळ, दोन्ही एकाच शब्दात आलं. "जॉबची बारी आली" किती सरळ वाटतं! वारी आणि बारी मुळात एकच असावेत असं मला वाटतं, 'वारंवार'मधला तोच वार.

शब्दवेध
शेवंतीताई, शब्द सुरेख आहे. पण वारी-बारी एकच, याला आधार द्या. व-ब च्या अदलाबदलीवरून काहीही सिद्ध करता येतं. पंक्तीचा पंगत झाला हे दाखवता येतं, तसं इथे दाखवता यायला हवं.

आडवाट
रांग, पंक्ती, बारी या तिन्हींवर माझा एकच आक्षेप आहे. क्लस्टरवर जो आधी आला तो आधी जाईल असं नसतं, आणि पुस्तिकेत मुलांना सर्वांत आधी हेच समजावायला हवं.

गिरणीत दळण टाकतो तसं हे आहे. डबा ठेवला, चिठ्ठी लावली, घरी आलो. गिरणीवाला डबे आले त्या क्रमाने दळत नाही. गव्हाचे डबे एकत्र घेतो, मग ज्वारी-बाजरी. मोठं पोतं लावायला मालकाची वाट बघायची असेल तर तेवढ्यात कुणाचं किलोभर भाजणीचं पीठ काढून देतो.

शेड्यूलर (पीबीएस किंवा स्लर्म) नेमकं हेच करतो, त्याला बॅकफिल म्हणतात. समजा, एका जॉबला 40 नोड (क्लस्टरमधले संगणक) हवेत आणि 25च मोकळे आहेत. उरलेले 15 संध्याकाळी सहाला सुटणार. तोवर ते 25 रिकामे ठेवण्यापेक्षा, सहाच्या आत संपेल असा मागचा छोटा जॉब पुढे घेतला जातो. मोठ्याचं काही बिघडत नाही. पण हे जमायला प्रत्येकाने आपल्या जॉबला किती वेळ लागेल ते नीट लिहायला हवं. मुलं भीतीने कमाल वेळ लिहितात आणि मग त्यांचा जॉब कुठल्याच फटीत बसत नाही. शिवाय गेल्या काही दिवसांत कुणी किती वापर केला तेही बहुतेक ठिकाणी हिशोबात धरतात. म्हणून आधी लावलेल्याचा जॉब मागे राहिला की मुलांना अन्याय वाटतो, आणि 'रांग' शब्द तो गैरसमज पक्का करतो. मी क्यूला सरळ 'यादी' म्हणेन. प्रतीक्षा यादी रेल्वेमुळे सगळ्यांना माहीत आहे.

आणि दळणावरून सुचलं: बॅचला 'घाणा' का नको? भज्यांचा पहिला घाणा, दुसरा घाणा. एकदम टाकायचा, एकदम काढायचा.

टर्मिनलवाला
घाणा आवडला! हा कुणी घडवलेला नाही, घराघरात आहे.

शब्दवेध
शास्त्रीय पुस्तिकेत घाणा? मग नोडला चूल म्हणायचं का? पारिभाषिक शब्दाला एक अंतर लागतं. ऊर्जा, बल, जडत्व या शब्दांनी विज्ञान मराठीत आणलं ते स्वयंपाकघरातून नव्हे.

आडवाट
'बल' आणि 'काम' हे शब्द भौतिकशास्त्राआधीही रोजच्या बोलण्यात होतेच. शास्त्राने त्यांना नेमका अर्थ दिला. घाण्यालाही देता येईल.

जुनीकार्डं
बॅचचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1964मध्ये सीडीसी 3600 हा संगणक आला. त्या काळातल्या मोठ्या यंत्रांवर काम करायचं म्हणजे फोरट्रानचा प्रोग्रॅम कार्डांवर पंच करायचा, गठ्ठ्याला रबरबँड लावून खिडकीत द्यायचा आणि निकालाचा कागद येईपर्यंत थांबायचं. यंत्राला हात कुणी लावत नसे. एक स्वल्पविराम चुकला तर दिवस गेला. त्यामुळे कार्डं देण्याआधी प्रत्येक ओळ माणूस स्वतः मनात चालवून बघायचा. ती शिस्त आजच्या मुलांनी एसबॅच (स्लर्मची जॉब लावायची कमांड) देण्यापूर्वी लावावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शब्दाचं सांगायचं तर कार्डांच्या गठ्ठ्याला डेक म्हणत, आणि आम्ही "डेक दिला" म्हणत असू. 'दिला' हे क्रियापद महत्त्वाचं. आज मुलं "जॉब मारला" म्हणतात तेव्हा सुरू केला की संपवला तेच मला कळत नाही.

शेवंती
काका, क्रियापदाचं अगदी खरं. सबमिटला 'सादर करा' लिहिलं की अर्ज डोळ्यांसमोर येतो. माझा भाचा हवामानाच्या मॉडेलवर काम करतो, तो "रन लावला" म्हणतो. कुकर लावतो, विरजण लावतो, तसं. लावलं आणि बाजूला झालं, पुढचं आपोआप होतं. 'चालवा' म्हटलं तर माणूस समोर बसून राहील.

टर्मिनलवाला
लावणे उत्तम. 'सोडणे'ही आहे. बॅकग्राउंडला प्रक्रिया सोडली की लक्ष काढून घेतलं. नोहप (nohup) ही कमांड बघा, तिच्या नावात हँगअप आहे. टर्मिनल टेलिफोनच्या तारेवरून जोडलेलं असायचं, तिकडून फोन ठेवला की चालू प्रक्रियेला हँगअपचा इशारा जायचा आणि ती मरायची. नोहप म्हणजे फोन ठेवला तरी चालू राहा. आज एसएसएचचं कनेक्शन तुटलं की तोच इशारा जातो, फोन नसला तरी.

खडूफळा
नोहपचा उल्लेख पुस्तिकेत हवाच, कारण मुलं लॉगिन नोडवरच (सगळे आधी जिथे येतात त्या संगणकावर) नोहपने जड गणित सोडून देतात आणि सगळ्यांचं लॉगिन रेंगाळतं. पण कृपया शॉर्ट-लाँगकडे या. आत्तापर्यंत कप्प्यासाठी पार्टिशन आणि श्रेणी एवढंच आलंय.

शब्दवेध
श्रेणी घ्या. अल्पश्रेणीचा अर्थ कमी माणसांची रांग असा होऊच शकत नाही, म्हणजे सहकारी बाईंची शंका मिटते.

आडवाट
श्रेणी म्हटलं की मुलांना गुणपत्रिका आठवते. 'अ श्रेणी'. अल्पश्रेणी म्हणजे कमी दर्जाचा कप्पा, असा नवा गैरसमज. शिवाय गणितात श्रेणी म्हणजे सिरीज आहेच. "चार तासांचा कप्पा" आणि "तीन दिवसांचा कप्पा" लिहा ना! वेळ नावातच आली.

टर्मिनलवाला
कमांडमध्ये मात्र शॉर्ट असंच टाइप करायचं आहे. नावाचं भाषांतर केलं तर मूल 'कप्पा' टाइप करेल आणि क्यूसब ही पीबीएसची जॉब लावायची कमांड 'असा क्यू नाही' म्हणून परत पाठवेल. नाव जसंच्या तसं ठेवा, समजावणी मराठीत द्या.

जुनीकार्डं
कप्पा मलाही पटतो. कार्डांचे गठ्ठे लाकडी कप्प्यांतच ठेवलेले असायचे.

शब्दवेध
कप्पा यादीसाठी नको, हे तरी मान्य करा. यादीला पंक्ती.

शेवंती
यादीला बारी! आणि शब्दवेध, तुम्ही मागितलेला आधार शोधते आहे. आमच्या घरी आजोबांच्या हातची अभंगांची वही आहे, त्यात 'वारी' कुठे पाळी या अर्थाने आलंय का ते बघते.

शब्दवेध
वही जरूर बघा, पण एका घरच्या वहीवर व्युत्पत्ती ठरत नाही. महानुभावांच्या गद्यात सापडलं तर मी मान्य करेन.

आडवाट
घाण्याचं अनेकवचन घाणे. "दहा घाणे लावले." अ‍ॅरे जॉबसाठी हे चपखल आहे, एकच स्क्रिप्ट आणि दहा वेगळे इनपुट. खडूफळा, निदान तेवढं एक पान तरी घाण्यावर लिहा.