तिसरी ते सातवी : इंग्रजीच्या ‘रिकाम्या जागा’ बंद करा

खडू_डस्टर : मुद्दा सरळ आहे. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण आपल्याकडे खेड्यातल्या वर्गात सराव म्हटला की ‘रिकाम्या जागा भरा’. ‘ही डॅश टू स्कूल एव्हरी डे’, बाजूला कंसात ‘गो’. पोरगं वाक्य वाचतच नाही. ‘एव्हरी डे’ दिसलं की एस, ‘येस्टरडे’ दिसलं की ईडी. तो खुणेचा शब्द खोडा, उत्तरही जातं. दहापैकी दहा मिळवणाऱ्याला ‘तुझा भाऊ शाळेत जातो का’ हे विचारता येत नाही.

त्यापेक्षा फळ्यावर वाक्यतक्ता काढा. पहिला रकाना : आय, वुई, दे, माय फ्रेंड्स. दुसरा : बाय, सेल, ईट. तिसरा : ऑरेंजेस, ब्रिंजल्स, राइस, चेअर्स. ४ × ३ × ४, म्हणजे ४८ वाक्यं. सहा मिनिटं तोंडी, मग प्रत्येकानं पाच लिहायची, मग एकेक रकाना पुसत जायचा. पुसलं नाही तर ते नुसतं वाचन. ‘चेअर्स’ मुद्दाम ठेवलंय : ‘दे ईट चेअर्स’वर वर्ग हसला तर अर्थ पोचला, नाही हसला तर थांबा. ही आणि शी याच तक्त्यात घुसवू नका, ‘ही बाय’ तयार होतं. त्यांचा तक्ता दुसऱ्या दिवशी, क्रियापदाला एस लावूनच.

पराटी : काऊन बंद करा, सर? दहावीला ८० गुणांचा लेखी पेपर आहे, अंतर्गतचे २०च. तक्ता म्हणाल तर पुढच्या बाकावरचे चौघं ओरडतात, मागचे ओठ हलवतात. अडलं कोण, कळत नाही. दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत दोन वर्ग; तिसरीचं कोरस सुरू झालं की चौथीचं गणित बंद. रिकामी जागा निदान चूक कागदावर ठेवते.

दोष प्रश्न काढणाराचा. सुटी वाक्यं नका देऊ, सहा ओळींचा उतारा द्या. ‘लास्ट संडे’ फक्त पहिल्या ओळीत, पुढे चार क्रियापदं गाळलेली. काळ शोधायला पोराला मागं जावंच लागते. अन् एका उताऱ्यात एकच गोष्ट गाळा, क्रियापदं तरी नाहीतर ऑन-इन-ॲट तरी. खिचडी केली की चुकलं कुठं ते तपासणारालेही समजत नाही.

निंबाचा_पार : पोरांची चूक का होते, त्याच्या मुळाशी दोघंही जात नाही आहात. ‘माह्याजवळ दोन बैल आहेत’ यात ‘हॅव’ कुठंच नाही, म्हणून ‘निअर मी टू बुल्स आर’ येतं. ‘मला माहीत आहे’चं ‘आय ॲम नो’ होतं, कारण ‘आहे’ला ‘ॲम’ असं पाठ आहे. यावर जोडीवाक्यंच लागतात. वऱ्हाडी इथं कामाची आहे : ‘मी रोज जातो’ म्हणजे ‘आय गो’, ‘मी जाऊन रायलो’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. डाव्या बाजूला बोली, उजवीकडे इंग्रजी, रोज चार जोड्या. मग उजवी बाजू झाकून तोंडी. ‘डिड ही वेंट’लाही हेच : भूतकाळ ‘डिड’नं घेतला, क्रियापदाजवळ काही उरला नाही. ‘डज’ एस घेऊन जातो तसंच.

मेळघाट_वाट : आणि घरी कोरकू बोलणाऱ्या पोराचं काय, दादा? त्याला मराठीच शाळेत आल्यावर शिकावी लागते. तुमची डावी बाजूच त्याला परकी. तिथं एक खोका अन् एक गोटा घ्या. ‘पुट द स्टोन इन द बॉक्स’, मग ऑन, मग अंडर. सुरुवातीला तीनच शब्द, हुकूम पाळणारं पोरगं गप्प राहिलं तरी चालेल. दोन दिवसांनी हुकूम पोरांनी द्यायचा. मराठी पोरांनाही हे लागतंच, कारण आपलं एक ‘वर’ तिकडं ऑन, ओव्हर, अबव्ह असं फुटतं.

खडू_डस्टर : गोटा-खोका मान्य. पराटीताईंचा उतारा सहावीपासून ठीक, त्याआधी वाचनच अडखळतं. कोरसवर उपाय : ओळीनं नाही, चिठ्ठी काढून नाव. लेखी पुरावा हवा असेल तर श्रुतलेखन घ्या. सहा-सात शब्दांची पाच वाक्यं, तीनदा वाचायची : आधी पेन्सिल खाली ठेवून पूर्ण, मग तीन-तीन शब्दांचे तुकडे, शेवटी तपासायला पुन्हा पूर्ण. तपासताना एकच गोष्ट, समजा शेवटचा एस. सगळ्या स्पेलिंगवर लाल पेन फिरवला की पोरगं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या वहीत पाहतं.

पराटी : श्रुतलेखन वाचणाराच्या तोंडावर अवलंबून. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’ असे ईडीचे तीन उच्चार. पुष्कळ ठिकाणी तिन्ही शब्दांचं ‘वॉकेड, प्लेएड, वॉन्टेड’ होते. तसं वाचलं की स्पेलिंग बरोबर येईल, पण रेडिओवर ‘वॉक्ट’ ऐकून पोराले तो भूतकाळ आहे हेच कळणार नाही. आधी ट, ड, इड अशा तीन रकान्यांत पंधरा क्रियापदं लावून घ्या, मग श्रुतलेखन. अन् तो रकाने भरण्याचा सराव लेखीच असते, सर.